आमची वाटचाल: हमी कुठपर्यंत द्यायची?

सांगलीत आम्ही घरगुती इंटरनेट देत होतो तेव्हा ग्राहक एकच विचारायचा, स्पीड किती मिळेल? लीज लाइनची, म्हणजे फक्त स्वतःसाठी वेगळी लाइन घेणारी, गिऱ्हाइकं यायला लागली तसा प्रश्न बदलला. सीटी स्कॅन मुंबईच्या डॉक्टरांकडे पाठवणारं डायग्नोस्टिक सेंटर, दिवसभर फोनवर चालणारं ऑफिस, युरोपात द्राक्षं पाठवणारे निर्यातदार. त्यांना लेखी हमी हवी होती: लेटन्सी (पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, जाऊन यायला लागणारा वेळ) किती, पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी पॅकेट) किती, आणि शब्द पाळला नाही तर बिलातून किती वजा करणार.

आमच्याच फायबरवर ही हमी देणं फारसं अवघड नाही. फोनच्या पॅकेटवर डीएससीपी या प्राधान्याच्या रकान्यात ४६ ही खूण करायची, की आमचे सगळे राउटर त्याला आधी वाट देतात. अशा खुणांनी प्राधान्य द्यायची डिफसर्व्ह ही पद्धत १९९८ पासून ठरलेली आहे. अडचण आमची हद्द संपते तिथे सुरू होते. पुढच्या नेटवर्कच्या सीमेवर ती खूण बहुतेक वेळा पुसली जाते, आणि यात त्यांना दोष देता येत नाही. प्रत्येकाने आपलीच पॅकेट तातडीची म्हणून पाठवली तर तातडीला अर्थ काय उरला? शिवाय परक्याच्या खुणेला मान देण्याचे पैसे त्यांना कोणी देत नाही.

दोन नेटवर्कांमधला रस्ता ठरवतं बीजीपी, म्हणजे कुठे कसं पोचता येतं हे नेटवर्कांनी एकमेकांना सांगायची पद्धत. ते आधी बघतं प्रत्येकाने लावलेलं प्राधान्य, म्हणजे बहुधा कोणाची लाइन स्वस्त पडते ते. मग वाटेत किती नेटवर्कं लागतात ते. रस्ता तुंबलाय का, किती मिलिसेकंद लागतात, हे त्याच्या हिशेबातच नाही.

हे आम्हाला पुरतं उमगलं ते एका ग्राहकाचे कॉल रोज संध्याकाळी तुटायला लागले तेव्हा. ऑफिस सांगलीत, सर्व्हर मुंबईत, आमच्या लाइनवर लॉस शून्य. पॅकेट कुठून कुठून जातं आणि प्रत्येक टप्प्यापर्यंत किती वेळ लागतो ते दाखवणारा ट्रेसराउट लावला. मुंबईपर्यंत १० मिलिसेकंदांच्या आत असलेला आकडा पुढच्याच हॉपला (टप्प्याला) ७० च्या वर, आणि मुंबईतल्याच सर्व्हरवर १३०. पॅकेट सिंगापूरला जाऊन परत मुंबईत येत होती! आमचा तेव्हाचा अपस्ट्रीम (आम्हाला पुढचं इंटरनेट देणारी कंपनी) आणि त्या डेटा सेंटरचं नेटवर्क भारतात कुठे जोडलेलंच नव्हतं. संध्याकाळी ती परदेशी लिंक भरायची आणि आवाज तुटायचा. अशा वेळी बँडविड्थ वाढवून दिली तरी उपयोग नसतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, त्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

मग आम्ही स्वतःचा एएस नंबर (बीजीपीत नेटवर्कची ओळख) घेतला, एकाऐवजी दोन अपस्ट्रीम ठेवले आणि मुंबईत निक्सीवर, म्हणजे देशातली नेटवर्कं एकमेकांना जोडतात त्या एक्स्चेंजवर, पोर्ट घेतलं. देशातली ट्रॅफिक देशातच राहावी म्हणून २००३ मध्ये निक्सी उभी राहिली, आमचं दुखणं नेमकं तेच होतं. त्या डेटा सेंटरशी थेट पिअरिंग (मधल्या कोणाशिवाय जोडणी) झालं आणि १३० चा आकडा १२ च्या खाली आला.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो परतीचा रस्ता. जाणारी वाट आपण निवडतो, येणारी समोरचा निवडतो. प्रीपेंड करून, म्हणजे आपला एएस नंबर पुन्हापुन्हा लिहून, एखादी वाट लांब दाखवता येते, अपस्ट्रीमने दिलेल्या कम्युनिटी (रस्त्याच्या माहितीला जोडायच्या सूचना-खुणा) लावून सुचवता येतं. पण ती विनंतीच, हुकूम नव्हे. म्हणून आम्ही दोन्ही दिशांनी सतत मोजतो आणि ग्राहकाला तोच आलेख दाखवतो.

आमच्या करारात आता दोन भाग असतात. आमचं नेटवर्क आणि आमच्याशी थेट जोडलेली नेटवर्कं, इथपर्यंत दंडासकट हमी. त्यापुढे हमी नाही; मोजणी आणि उपलब्ध वाटांतली चांगली वाट. 'सगळीकडे ९९.९९ टक्के' असं लिहून देणारे आहेत, त्यामुळे काही कामं हातची गेली. तरी आम्ही तसं लिहून देत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, युरोपकडची लेटन्सी वाढली, तेव्हा निर्यातदारांना आम्ही मोजलेले आकडे दाखवून कारण सांगू शकलो. त्यांनी करार पुढे चालू ठेवला.

सध्या शेजारच्या जिल्ह्यांतल्या छोट्या आयएसपींशी (इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांशी) थेट जोडणी करतोय. एकमेकांची ४६ ची खूण पाळायची, पण पोर्टच्या क्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंतच. वरचं सगळं साधं धरायचं. कोल्हापूरकडे हे सुरू झालंय. सोलापूरकरांशी बोलणी अडलीत ती एकाच मुद्द्यावर, दंड लावताना मोजणी कोणाची धरायची. दोघांनी मान्य केलेल्या तिसऱ्या जागी प्रोब (मोजणीचं यंत्र) ठेवावा, असं आम्ही सुचवलंय.