तपासले, पाने पूर्ण

दिवाळीच्या आठवड्यात आमच्याकडे पुस्तकांना कुणी विचारत नाही. सगळी झुंबड दिवाळी अंकांवर. आमचं तालुक्याचं ब वर्ग वाचनालय. ग्रंथपाल मी, सहायक एक आणि शिपाई अर्धा, म्हणजे सकाळी आमचा, दुपारी पतसंस्थेचा. अंक आले की खाकी कव्हर घाला, पाठीवर नंबर टाका, मधोमध जास्तीच्या पिना ठोका. तरी तिसऱ्या वाचकाकडून परत येताना पाककृती गळालेल्या असतात. राशिभविष्य गळत नाही, ते फाडलं जातं. सांगायचा मुद्दा, पानं कोण फाडतं याबद्दल माझं मत तीस वर्षांत पक्कं झालेलं आहे. तेच नडलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, काउंटरवर अंकांवरून हमरीतुमरी चालू असताना एक मुलगी पुस्तक पुढे करून उभी राहिली. नवोदयला अकरावीत, सुट्टीला घरी आलेली, पुस्तक आजोबांच्या कार्डावर नेलेलं.

“काका, यातलं एक पान नाहीये.”

पुस्तक नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’, १९७९ सालचं. २० मे २०२५ ला नारळीकर गेले तेव्हा मी दाराजवळच्या टेबलावर त्यांचा फोटो आणि आमच्याकडची त्यांची सगळी पुस्तकं मांडली होती. त्यांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आपलीच आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नाव बघून नंबर मिळायला नको. हे एका कार्डावर लिहून फोटोखाली ठेवलं. आमच्या कार्यवाहांनी विचारलं, “हे जगताप कोण?” असो. हार वाळला, फोटो कपाटात गेला, पुस्तकं मात्र तिथेच राहिली. म्हणून ही प्रत तिच्या हाती लागली, नाहीतर खालच्या फळीवर धूळ खात होती.

मुलीला विचारलं, कळलं कसं? म्हणाली, पानाचा आकडा दोनने उडी मारतो. शिवाय गंगाधरपंतांच्या पानिपताची ही गोष्ट त्यांच्या इंग्रजीच्या ‘हॉर्नबिल’मध्ये धडा म्हणून आहे. “तिथे त्यांचा मित्र राजेंद्र त्यांना सगळं समजावून सांगतो. इथे तो तोंड उघडतो आणि पुढच्या पानावर त्याचं बोलून झालेलं असतं.”

मी तारीखचिठ्ठी बघितली. तिच्या आधीचा शिक्का एका बी.एस्सी.च्या पोराचा. तिथल्या तिथे फोन लावला. तो म्हणाला, “सर, मी त्या गोष्टीपर्यंत पोचलोच नाही.” मी म्हटलं, पोचला नाहीस तर पान चालत गेलं का? आवाज चढलाच होता, आणि अंकांसाठी थांबलेले सहाजण कान देऊन ऐकत होते.

तेवढ्यात तिचे आजोबा आले. वीज मंडळात लाइनमन होते, आम्ही अण्णा म्हणतो. चिठ्ठीवर त्यांचा सभासद क्रमांक तीनदा आहे. त्यांना विचारलं, तुम्ही नेलं तेव्हा पान होतं का?

“कुठलं पान? गोष्ट पूर्ण आहे की. गोळी कानाला चाटून जाते, विश्वासराव वाचतो, पानिपत आपण जिंकतो.”

“पण ते कसं, आजोबा?”

“कसं म्हणजे? नेम चुकला.”

रात्री कुलूप लावण्याआधी प्रत दिव्याखाली धरली. हे खरं तर सकाळीच करायला हवं होतं. फाडलेलं पान मुळाशी दात सोडतं. कितीही जपून फाडा, धाग्याजवळ चिंधी राहतेच. इथे काहीच नव्हतं. म्हणजे पान फाडलेलं नव्हतं, बांधणीत गेलं होतं. बरी बांधणी म्हणजे जुजबंदी. प्रत्येक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, घडीतून शिवायचा, पुस्तक टेबलावर सपाट उघडतं, पान हलत नाही. पण आमची समिती सर्वांत कमी दर बघते, आणि त्या दरात बाइंडर पाठीची घडीच कापून टाकतो, सुटी पानं ठोकून सारखी करतो, बाजूने भोकं पाडून दोरा ओढतो. निम्मा समास शिलाईत जातो. वाचणाऱ्याला पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावं लागतं. आणि सुट्या गठ्ठ्यातलं एखादं पान कातरणीच्या ढिगात गेलं तर त्याला कळत नाही.

बांधणीची वही काढली. मार्च २०१४, चाळीस पुस्तकं, हा दाखल क्रमांक त्यातलाच. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं, ‘तपासले, पाने पूर्ण.’ खाली सही माझी. एकतीस मार्चच्या आत बिल काढायचं होतं. चाळीस पुस्तकांची पानं कोण मोजतं!

बांधणीनंतर चिठ्ठीही नवी लावली होती. तिच्यावर तेवीस शिक्के. तेवीस वेळा पुस्तक घरी गेलं आणि या मुलीआधी एकदाही तक्रार आली नाही. वाचत नाहीत लेकाचे, नुसतं नेतात, असं आधी मनात आलं. पण अण्णांनी तीनदा वाचलंय. मग खुर्ची ओढली आणि ती गोष्ट मीच वाचून काढली, मधलं पान नाही हे माहीत असताना. अडखळलो नाही. गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला जातात आणि पोचतात वेगळ्याच इतिहासातल्या मुंबईत, तिथे कंपनी सरकार अजून नांदतंय, मग टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात बसून ते बंद व्हायच्या वेळेपर्यंत इतिहास वाचतात आणि निघताना तंद्रीत बखर खिशात घालून बाहेर पडतात. एवढा मोठा इतिहासकार आणि ग्रंथालयाची बखर ढापतो! हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. शेवटी पुरावा म्हणून त्यांच्या हाती राहतं ते त्या बखरीचं एक फाटकं पान. पुढे कुठे राजेंद्रच्या तोंडून अनर्थाचा सिद्धांत (बारीकशा फरकाने सगळंच पालटतं तो), इलेक्ट्रॉन इथे की तिथे, हे सगळं येतं. आमच्या प्रतीत ते निम्मंच, तरी १४ जानेवारी १७६१ ची ती गोळी चुकते आणि छाती भरून येते.

विज्ञानकथेत विज्ञानच पाहिजे, नाहीतर ती परीकथा, असं मी शाळांच्या ग्रंथप्रदर्शनांत वर्षानुवर्षं सांगत आलो. आता तेवीस शिक्क्यांपुढे काय बोलणार? अण्णा त्या गोष्टीकडे परत परत जातात ते गोळी चुकताना बघायला. पण नात सायकल मारत आली ती नेमक्या त्याच पानासाठी, आणि तेही मला खोडता येत नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या ग्रंथपाल बाईंनी त्यांच्या प्रतीतल्या पानाचे फोटो पाठवले. त्यांची जुजबंदी शाबूत आहे, बाई स्वतः समोर उभ्या राहून शिवून घेतात. मी पाठपोट छापून घेतलं, मापात कापलं, मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालून चिकटवलं आणि रात्रभर विश्वकोशाच्या दोन खंडांखाली दाबून ठेवलं. कागद पांढराफटक, शेजारची पानं चहाच्या रंगाची. मुलीने काउंटरशी उभ्यानेच वाचलं, पुन्हा वरपासून वाचलं.

“इंग्रजीपेक्षा सोपं आहे,” म्हणाली. “पण पूर्ण पटलं नाही.”

अण्णांनी तिच्या हातातून पुस्तक घेऊन ते पान बोटाने चाचपलं. “हे लावल्यावर विश्वासराव वाचतो ना अजून?”

वाचतो म्हटलं, आणि चोविसावा शिक्का मारला.

बी.एस्सी.च्या पोराला दोनदा फोन केला. उचलत नाही. त्याची अनामत अजून आमच्याकडेच आहे.