टुटुवापानीच्या वळणावर

झारखंडमध्ये रांचीहून नेतरहाटला जाताना लोहरदगा, घाघरा, बिशुनपूर मागे पडतं आणि बनारीनंतर घाट लागतो. आमच्या गाडीतली बाकीची मंडळी सूर्यास्त बघायला निघाली होती. नेतरहाटचा सूर्यास्त आहेच तसा. पण मी निघाले होते ती २२ मार्चला टुटुवापानीला पोचायचं म्हणून.

दरवर्षी २२ आणि २३ मार्चला इथे माणसं जमतात. पाटाच्या, म्हणजे या पठाराच्या, गावागावांतून पायी, ट्रॅक्टरमधून, पिकअपमध्ये उभं राहून येतात. उराँव, मुंडा, बिरजिया हे आदिवासी आणि दगडातून लोखंड गाळण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले असुर. मांडवात बायकाच जास्त होत्या. मांदर वाजत होता आणि मध्येच घोषणा उठायची : ‘जान देंगे, जमीन नहीं देंगे!’ ऐकताना अंगावर काटा आला, कारण पुढे बसलेल्या कितीतरी बायका त्या दिवशीही इथेच होत्या.

तो दिवस २२ मार्च १९९४. नेतरहाटच्या पठारावर लष्कराचा तोफांचा सराव १९६४ पासून चालत होता. आधार होता १९३८ च्या, इंग्रजांच्या काळातल्या, युद्धसराव आणि गोळीबाराच्या कायद्याचा. सरकारने अधिसूचना काढायची, ठरलेल्या दिवसांत लोकांनी तो भाग रिकामा करायचा आणि नुकसानीची भरपाई घ्यायची, अशी त्याची रीत. सुरुवातीला यात मोजकी गावं होती. १९९१ आणि १९९२ मध्ये तेव्हाच्या बिहार सरकारने हद्द वाढवली आणि आकडा २४५ गावं, १४७१ चौरस किलोमीटर असा झाला. लोक हादरले. चांदमारीपुरतं, म्हणजे गोळीबाराच्या सरावापुरतं, घर सोडायचं असं आजवर सांगत आले, उद्या कायमचंच सोडायला लावतील, ही भीती घरोघर शिरली. मग तोफांच्या गाड्या वर यायच्या दिवशी हजारो माणसं रस्त्यावर बसली. बायका सगळ्यांच्या पुढे. गाड्यांना मागे वळावं लागलं. त्यानंतर इथे पुन्हा सराव झालेला नाही.

माझं आजोळ राहुरी तालुक्यातलं. तिथल्या के. के. रेंज या लष्कराच्या सरावाच्या जागेवरचा धडाड्‌धुम्म आवाज आला की आम्ही पोरं गच्चीवर पळायचो. रेंजची हद्द वाढणार म्हटल्यावर राहुरी-पारनेरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेही पेपरात वाचलं होतं. पण ‘भाग रिकामा करा’ म्हणजे घरातल्या माणसाने नेमकं काय करायचं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते मला टुटुवापानीला कळलं.

सांगितलं एका म्हातारीने. सगळे तिला ‘आयो’, म्हणजे आई, म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. ‘आयो, तेव्हा काय करायचात?’ ती म्हणाली, उजाडायच्या आत निघायचं. गुरं सोडायची, कोंबड्या टोपलीखाली झाकायच्या, भात बांधून घ्यायचा, लेकरू पाठीला. दिवसभर दूर जंगलात झाडाखाली बसायचं आणि आवाज थांबले की परत. आजारी माणसालाही उचलून न्यायचं. ‘आणि मोह?’ असं तिनेच मला विचारलं. मला काही कळेना. तेव्हा म्हणाली, ‘उद्या सकाळी ये, दाखवते.’

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी तिच्या अंगणात होते. मार्चमध्ये वर चांगलीच थंडी असते. तिच्या मोहाखालची पानं आधीच जाळून जमीन साफ केलेली, त्या काळ्या राखेवर पिवळसर फुलं पडलेली. मणी ओघळावेत तशी टप्‌, टप्‌ पडतच होती. मोहाचं फूल रात्री गळतं आणि ते सकाळीच वेचावं लागतं. ऊन चढलं की ते मऊ पडतं. त्याआधी गुरं आली तर काहीच उरत नाही. झाड वर्षातून तेवढेच दिवस फुलतं. ही फुलं वाळवून ठेवली की पुढे घरात खायला होतात आणि हाटात विकून मीठ-तेल येतं. आता नेमक्या त्याच दिवसांत, नेमक्या त्याच वेळी, घर सोडून जायचं म्हटल्यावर भरपाई कशाची आणि किती मोजणार? देशाला सैन्य हवं आणि सैन्याला सराव हवा, हे मला मान्य आहे. पण ज्यांच्या अंगणात सराव करायचा त्यांना न विचारता तो तीस वर्षं चालवला, हे मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही. हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासींसाठी खास तरतुदी असलेला, प्रदेश आहे. इथल्या ग्रामसभेला विचारणं ही मेहेरबानी नव्हे.

आयोच्या घरातली माणसं २०२२ च्या एप्रिलमध्ये टुटुवापानीहून रांचीच्या राजभवनापर्यंत चालत गेली होती. अधिसूचनेची मुदत त्या मे महिन्यात संपत होती, १९९९ मध्ये ती तिथवर लांबवलेली होती. ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांनी ती पुन्हा न वाढवण्याचा निर्णय घेतला. मी म्हटलं, ‘मग झालं की, आयो. आता कशाला दरवर्षी जमता?’

तिने वाकल्या वाकल्याच उत्तर दिलं. मुदत संपली हे तिला ठाऊक होतं. पण ‘रद्द’ असं लिहिलेला कागद गावाच्या हातात हवा. मुदत एकदा वाढली होती तशी पुन्हाही वाढेल, म्हणून तो कागद मिळेपर्यंत येत राहायचं. मग टोपली कमरेला लावून ती पुढच्या झाडाकडे निघाली आणि या झाडाखालची उरलेली फुलं मला वेचायला सांगून गेली.