‘घेतली होती का?’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नातेवाईक विचारतात, मैत्रिणी विचारतात, परवा मावसभावानेही तेच ऐकवलं: ‘माणूस रक्ताने माखलेला असतो आणि तुम्हा डॉक्टरांना पडलेलं काय, तर घेतली होती का! अब्रू काढायची असते का त्याची?’

नाही. आणि पहिला प्रश्न तो नसतोच. आधी श्वास, रक्तस्राव, मान. तुमच्या लक्षात मात्र तेवढाच राहतो.

उत्तर लागतं म्हणून विचारते. प्यायलेल्याची मान मोडली असली तरी त्याला ती दुखेलच असं नाही, त्यामुळे ‘काही दुखत नाही’ या त्याच्या शब्दावर मानेला बांधलेली कॉलर काढता येत नाही. रोज पिणारा असेल तर ऑपरेशन व्यवस्थित होऊनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, भास होतात, फिट येते, सलाईन उपटून तो पळत सुटतो. आधी कळलं तर औषध आधी सुरू करता येतं. आणि नुसती दारूच कशाला? उत्तेजक काही घेतलं असेल तर नाडी धावते. पोटात रक्तस्राव होत असेल तरीही धावते. अफूच्या जातीचं काही असेल तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि डोक्यातला दाब ओळखायला मी तर बाहुल्याच बघत असते.

हे सगळं खरं आहे. ते तोऱ्यात सांगताना एक रात्र मात्र मी नेहमी गाळते.

जिन्यावरून पडलेले एक गृहस्थ. कपाळाला खोक, तोंडाला भपकारा. मी भावाला विचारलं, ‘घेतली होती का?’ तो ओशाळून म्हणाला, ‘रोजचंच आहे, मॅडम.’ झालं, माझं निदान तिथेच संपलं. शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो स्केलवर 15 पैकी 12 भरत होते. बडबड, शिव्या, डोळे मिटलेले. टाके घातले, कुशीवर झोपवलं, कागदावर लिहिलं, ‘दारूच्या अमलाखाली’. तासाभराने सिस्टर म्हणाल्या, ‘मॅडम, आता शिव्या पण देत नाहीत.’ मी म्हटलं, झोपले असतील, उतरू दे. पुन्हा आल्या: ‘उजवा हात हलवत नाहीत.’ मी दुसऱ्या पेशंटचं हाड बसवत होते. ‘बघते,’ म्हटलं. बघितलं तेव्हा चार तास झाले होते आणि डावी बाहुली मोठी झालेली होती.

यकृत दर 100 मिलिलिटर रक्तातली साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम दारू तासाला उतरवतं. म्हणजे वेळ जाईल तसा माणूस सुधारायला हवा. बिघडत चालला तर ती दारू नव्हे, हे मला पाठ होतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू आक्रसतो, कवटीखालच्या शिरा ताणल्या जातात, साध्या पडण्यानेही फाटतात, रक्तही लवकर गोठत नाही, हेही पाठ होतं. म्हणजे ‘रोजचंच आहे’ हे ऐकून मी जास्त घाबरायला हवं होतं. मी निश्चिंत झाले.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, त्या रात्री अकरा जण होते, त्यातले पाच प्यायलेले; सगळ्यांना सीटीला पाठवणार होतीस? प्यायलेला प्रत्येक जण असाच दिसतो. तिचं अगदीच चूक नाही. पण सिस्टरांनी तिला दोनदा सांगितलं होतं. यावर ती गप्प बसते, मग पुन्हा अकरा आकडा काढते.

ऑपरेशन झालं, ते वाचले. बोलणं परत आलं नाही.

आठवड्याने त्यांच्या बायकोने मला पॅसेजमध्ये गाठलं. ‘मॅडम, प्यायले होते म्हणूनच झालं ना हे?’

मी ‘हो’ म्हणाले. पडले ते दारूनेच, खोटं काही नव्हतं. त्या चार तासांबद्दल तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मान हलवून ती आत गेली आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत बसली.