भूपाळी, पण जर्मन घड्याळाप्रमाणे

न्यूरेंबर्गमध्ये डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि शाळाही आठलाच भरते. म्हणजे मुलांना उठवणं, डबे भरणं, जाकिटं-टोप्या चढवणं, सगळं मिट्ट काळोखात. खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा. बंद केल्या की बाहेरचं काही म्हणून आत येत नाही. दूधवाला नाही, शेजारचा कुकर नाही, कुणाच्या घरचा रेडिओ नाही. ज्याच्या-त्याच्या उशाशी ज्याचा-त्याचा मोबाइल वाजतो, ज्याचा तोच बंद करतो आणि पुन्हा पांघरुणात शिरतो. सगळ्या घराची मिळून एक सकाळ होतच नाही.

म्हणून आम्ही गजर मोबाइलवरून काढून स्पीकरवर नेला. बेडरूम, मुलांची खोली आणि स्वयंपाकघर, तिन्हीकडे सोनोसचे वायफाय स्पीकर आहेत. गजर लावताना ॲप खोली, वेळ, वार, आवाज आणि काय वाजवायचं ते विचारतं. ग्रुपमधल्या, म्हणजे एकत्र वाजण्यासाठी जोडलेल्या, इतर खोल्याही घ्यायच्या का, असं एक छोटं बटणही असतं. सगळी मेख तिथे आहे. ते बंद असेल, तर गजराची खोली ग्रुपमधून फुटते आणि एकटीच वाजते. चालू असलं तरी त्या क्षणी जोडलेल्या असतील तेवढ्याच खोल्या वाजतात. रात्री कुणी स्वयंपाकघर वेगळं काढून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली (आमच्याकडे 'कुणी' म्हणजे कोण, हे बायकांना सांगायला नको), की सकाळी स्वयंपाकघर मुकं. त्यामुळे झोपण्यापूर्वी उरलेली भाजी फ्रीजमध्ये टाकताना खोल्या जोडल्यात ना, तेही बघायचं.

तीन खोल्यांत एकच गाणं एकाच वेळी वाजणं वाटतं तितकं सोपं नसतं. एक स्पीकर म्होरक्या होतो. गाणं नेटवरून तोच आणतो आणि कुठला तुकडा नेमका केव्हा वाजवायचा, या हिशेबासकट बाकीच्यांना देतो. सेकंदाच्या विसाव्या भागाइतका जरी फरक पडला, तरी दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहिलं की अभंगातले टाळ दुहेरी ऐकू येतात.

आता वाजवायचं काय? पहिली आठवण अर्थातच आकाशवाणीची. नेटवर ती थेट मिळते. पण इथले सकाळचे साडेसहा म्हणजे हिवाळ्यात तिकडचे अकरा. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे सरकतात, भारतातली नाहीत. मग तिकडे दहा वाजलेले असतात. तिकडची सहाची भक्तिगीतं थेट ऐकायची, तर हिवाळ्यात इथे रात्री दीडला उठावं लागेल. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "अगं, अकरा वाजता आमचा कुकर होऊन जातो, तेव्हा कसली भूपाळी?"

तेव्हा थेट रेडिओ बाद. भूपाळ्या आणि अभंगांची आपली आपण प्लेलिस्ट करायची. आकाशवाणीची सुरुवातीची ती धून मात्र मी घरच्या संगणकावर ठेवून यादीत सगळ्यांत वर घातली आहे. ती धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. हे ज्यू संगीतकार मूळचे कार्ल्सबादचे, १९३४ मध्ये मुंबईत आले आणि पुढे तिथल्या रेडिओ केंद्रात पाश्चात्त्य संगीताचं काम बघू लागले. ते कार्ल्सबाद म्हणजे आजचं चेक देशातलं कार्लोव्ही व्हारी, आमच्या घरापासून गाडीने दोन-अडीच तासांवर! हे कळल्यापासून नवरा त्या धूनला 'शेजारची' म्हणतो. संगणक बंद असला किंवा नेट गेलं, तर स्पीकर गप्प बसत नाही, स्वतःचीच टिंगटिंग वाजवतो. उठायला ती पुरते, पण मुलं नाक मुरडतात.

इमारत जुनी, जमीन लाकडी. बहुतेक इमारतींच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता असते आणि एरवीही संगीत आपल्या खोलीपुरतंच वाजावं अशी अपेक्षा. भूपाळीतला आवाज खाली जात नाही, डग्गा जातो. म्हणून स्पीकर जमिनीवरून उचलून फळीवर ठेवले, ॲपमध्ये बेस उतरवला आणि लाउडनेस बंद केला, कारण आवाज लहान असताना तो खालचे सूर उगाच फुगवतो. गजर वाजायला लागला की आवाज हळूहळू चढतो, हे शेजाऱ्यांच्या आणि आमच्या, दोघांच्याही सोयीचं.

अजून एक, परदेशात राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. हे गजर फोनमध्ये राहत नाहीत, स्पीकरमध्ये राहतात. तुम्ही फोन घेऊन पुण्याला गेलात, तरी रिकाम्या घरात रोज साडेसहाला भूपाळी सुरू होणारच. सुट्टीला निघताना पासपोर्ट तपासाल, गॅस बघाल, तेव्हा गजरही बंद करा. खालच्या मजल्यावरच्या आजींना भूपाळी आवडतही असेल, पण विचारायला जिन्यात कोण भेटणार, आपण तर पुण्यात.