चिखलात काय ठेवलंय?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. लिफ्टमध्ये, वाण्याकडे, भाचीच्या साखरपुड्यात, प्रश्न तोच: "दर रविवारी उठून कुठेकुठे भटकता, तिथे काय ठेवलंय?" ज्यांना चिखलाचं प्रकरण माहीत आहे ते हळूच जोडतात, "एवढं होऊनही?"

काही ठेवलेलं नाही. ठेवलेलं असतं तर तिकीट लावलं असतं.

आणि मी काही हिमालयात जात नाही. ठाण्यातच टीएमटीच्या बसमधून एक स्टॉप आधी उतरतो, माहीत नसलेल्या गल्लीतून घरी येतो. उथळसरला उथळसर का म्हणतात, असलं काहीतरी पानवाल्याला विचारतो. (उथळ तळं असणार, असा माझा अंदाज. पानवाला म्हणाला, "साहेब, मी जौनपूरचा.") १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. मी त्याच स्टेशनच्या पश्चिमेला २२ वर्षं राहिलो आणि पूर्वेला उतरून खाडीपर्यंत एकदाही चाललो नव्हतो. लाज वाटली, म्हणून सुरू केलं. एवढंच.

आता ते प्रकरण. सहा वर्षांपूर्वीचं. मुलगा नऊ वर्षांचा होता. रविवार, सकाळचे साडेसात, कोपरीच्या बाजूची खाडी. पाणी लांब गेलेलं, चिखल उघडा, उन्हात चकाकणारा. कडेच्या दगडांपाशी निवटे होते. डोळे डोक्यावर ठेवलेले, पुढच्या परांवर रेटत रेटत सरकणारे. "बाबा, हा मासा चालतोय!" तो ओरडला. त्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, म्हणून लगेच पुढचं सांगून टाकतो.

जवळून बघू म्हणालो. मी म्हणालो, त्याने हट्ट केला नव्हता. हे मी नातेवाइकांना पहिली दोन वर्षं उलटं सांगत होतो.

दहा पावलं ठीक गेली. अकराव्याला त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत. ओढायला गेलो तर मी मांडीपर्यंत. जितकं उपसावं तितकं खाली जायला होतं, आणि प्रत्येक वेळी चिखल एक घाणेरडा मुका घेतल्यासारखा आवाज करायचा. मग दिसलं की मघाशी कोरडी असलेली एक चिरी आता पाण्याने भरली आहे. मुलगा रडत नव्हता. माझ्याकडे बघत होता. आपल्या बापाला काय करायचं ते कळत नाहीये, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं.

वरून एक कोळी आजोबा ओरडले, "बसा! उभं ऱ्हाऊ नका, बसा!" बसल्यावर खरंच खचणं थांबलं. त्यांनी होडीतली फळी चिखलावरून सरकवत आणली, आधी त्याला पालथं झोपवून ओढलं, मग मला. दगडांवर चढताना कालवांच्या कवचाने मुलाची पोटरी फाटली. सहा टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. घरी पोहे झाकून ठेवलेले होते. बायको काही बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही फारसं नाही.

पाय धुताना आजोबांनी विचारलं, "तिथी कुठली आज?" मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आदल्या दिवशी अमावास्या होती, म्हणजे त्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता भरती, तीही उधाणाची. ओहोटी तिच्या सहाएक तास आधी. खाडीत इतक्या आत पाणी जरा उशिरा वळतं, म्हणजे आम्ही उतरलो ते बरोब्बर पाणी वळताना. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे हो आमच्याकडे. दूध-पेपरचा हिशोब लिहायला वापरतो.

तेव्हाच्या माझ्या वहीत एक वाक्य आहे: 'शहरात हरवायला हिंमत लागते.' कसली डोंबलाची हिंमत! ज्या चिखलात तू बावरलास तिथे तो म्हातारा रोज जाळं घेऊन उतरतो, त्याला कोणी धाडसी म्हणत नाही. पण त्या वहीवाल्याला सरसकट मूर्खही म्हणवत नाही. तो गेला नसता तर तिथीचं गणित मला कोणी सांगितलं असतं? यावर बायको म्हणते, गणित शिकायला क्लास लावायचा होता. याला माझ्याकडे उत्तर नाही.

जायचं थांबवलंत का, तर नाही. चार महिने थांबलो होतो. त्या चार महिन्यांत मी घरात कसा वागलो, ते बायकोला विचारा. आता चिखलात उतरत नाही, आधी तिथी बघतो, जो तिथे राहतो त्याला आधी विचारतो. यामुळे माझी चूक कमी झाली असं मला म्हणायचं नाही.

मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे, येत नाही. गेल्या रविवारी बूट घालताना मी नेहमीसारखं विचारलं, "येतोस?" "तू जा," म्हणाला. मोबाईलमधून डोकं काढलं नाही. मी कळव्याच्या पुलापर्यंत जाऊन परत आलो. नऊ वाजले होते, पोहे गरम होते.