नावासकट शिवलेलं

ऑगस्टमधल्या एका शनिवारी इथे जर्मनीत, लाइपझिगमध्ये सगळ्या गल्ल्यांतून नटलेली मुलं दिसतात आणि प्रत्येकाच्या कवेत एक भलामोठा शंकू असतो. पहिलीत प्रवेशाचा समारंभ. शंकूत खाऊ, रंगपेन्सिली, खोडरबर, एखादं छोटं खेळणं. इकडे पूर्वेला त्याला त्सुकरट्यूटे म्हणतात, पश्चिमेला शूलट्यूटे. पूर्वेचा सहाकोनी आणि ८५ सेंटिमीटरचा, पश्चिमेचा गोल आणि ७० सेंटिमीटरचा. देश एक होऊन इतकी वर्षं झाली, तरी शंकू काही एक झाले नाहीत! प्रथा जुनी आहे. जवळच्याच येना शहरात १८१७ सालचा उल्लेख सापडतो.

पुठ्ठ्याचा तयार शंकू दुकानात मिळतो. पण खरी हौस त्याला कापडी खोळ शिवायची, मुलाच्या नावासकट. समारंभ संपला की पुठ्ठा काढायचा, आत उशी भरायची, आणि तीच खोळ पुढे वर्षानुवर्षं पलंगावर लोळते. म्हणून आई, आजी, मावशी जूनपासूनच मशीन काढून बसतात. मीही बसते. ओळखीपाळखीच्या घरांतून 'आमच्याही पिल्लाला शिवाल का?' असं विचारणं येतंच.

नाव लावणं हे यातलं सगळ्यात किचकट काम. अक्षरं कापडातून कापायची, मागे इस्त्रीने चिकटणारा कागद लावायचा, खोळीवर बसवून कडेने बारीक, दाट झिगझॅग मारायची. कागदावर अक्षर आरशात दिसतं तसं उलटं काढावं लागतं. नाव वरून खाली उतरत जातं आणि शंकू निमुळता होत जातो, त्यामुळे बेन, लिआ ही मुलं शिवणारीची लाडकी. माक्सिमिलियानचा शेवटचा 'न' टोकापाशी जेमतेम मावतो.

माझ्या लेकीच्या खोळीवर मात्र नाव देवनागरीत लावलं, तेव्हा शिरोरेषेची कृपा कळली. रोमन अक्षरं सुटी सुटी. एकेक ओळीत बसवताना डोळे दुखतात. आपलं नाव शिरोरेषेला टांगलेलं असतं, म्हणून अख्खं एका तुकड्यात कापता येतं. फेल्ट घेतलं तर दोरेही निघत नाहीत. फक्त वेलांटीच्या वळणात कात्री हळू चालवायची. आणि नाव आडवं जाणार, म्हणून ते शंकूच्या रुंद तोंडाजवळच घ्यायचं.

तान्ह्या बाळांचं गणित वेगळं. आपल्याकडे बारशापर्यंत नाव कळत नाही, त्यामुळे बाळंतविड्यातलं झबलं-टोपडं बिननावाचंच. इथेही पुष्कळ आईबाप नाव ठरवून ठेवतात, पण बाळ जन्मेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. मी दुपटं, लाळेरं सगळं आधी शिवून ठेवते आणि नावाची जागा कोरी सोडते. इथल्या बाळंतविड्यातली हमखास खपणारी वस्तू म्हणजे बाळाच्या तपासण्यांच्या पिवळ्या वहीचं कापडी कव्हर. जन्मापासून शाळेच्या उंबरठ्यापर्यंत डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर लागते, त्यामुळे कव्हरवरचं नाव भरपूर मिरवतं.

कुंची शिवायची फार इच्छा होती. पण गळ्याशी नाड्या! विक्रीच्या कपड्यांच्या युरोपीय मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या टोपीला किंवा गळ्याशी नाडी चालत नाही, गळ्याला फास बसायची भीती म्हणून. घरच्या भेटीला कुणी हटकत नाही, पण कारण पटलं, मग नाड्यांऐवजी टिचबटणं लावली. चोखणी कपड्याला अडकवायच्या साखळीचंही तसंच: लांबी जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर. आणि पहिल्या वर्षी बाळाच्या पलंगात उशी-पांघरूण नको, झोपायला पिशवी घाला, असं इथे सांगतात. त्यामुळे आईच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी मी 'जमिनीवर लोळायला' म्हणूनच देते. जर्मन आज्या ती हातात घेऊन उलटसुलट करतात आणि धावदोऱ्याच्या ओळींवरून बोट फिरवत बसतात. मशीनने एवढं मऊ होत नाही, हे त्यांना न सांगता कळतं.

'तू हे विकत का नाहीस?' असं सगळेच विचारतात. मऊ खेळणी विकायची तर सीई ही युरोपातली सुरक्षिततेची खूण लागते, म्हणजे चाचण्या आणि कागदपत्रं आली. मला रविवारी शिवायचंय, फायली लावायच्या नाहीत.

यंदा सातारच्या ताईने भाच्यासाठी शंकू मागितला. एवढा पुठ्ठा विमानात कोण नेणार? खोळ घडी घालून पाठवली आणि फोनवर माप दिलं: गोल शंकूच बरा, ७० सेंटिमीटर त्रिज्येचा पाचरीसारखा तुकडा काप, बाहेरची कमानही साधारण तेवढीच ठेव, म्हणजे तोंड साधारण २२ सेंटिमीटर रुंद होतं. टोकात आधी वर्तमानपत्राचे बोळे कोंब, नाहीतर सगळी चॉकलेटं तळाशी जाऊन बसतात. ताई म्हणाली, "शाळा जूनमध्ये, पावसात पुठ्ठा भिजला तर?" मग खोळीला आतून प्लॅस्टिकचं अस्तर लावायला सांगितलं.