हिशेबात न आलेले युरेनियम

डिचोलीच्या खाणपट्ट्यात खनिजाच्या साठ्याचे हिशेब ठेवण्यातच माझी उभी नोकरी सरली. वजनकाट्याचा आकडा, बार्ज पाण्यात किती बुडाली त्यावरून काढलेला आकडा आणि दप्तरातला आकडा हे तिन्ही क्वचितच जुळत, कारण मालातला ओलावा बदलतो आणि काट्यालाही त्याची चूक असते. त्यामुळे युरेनियम समृद्धीकरणाच्या, म्हणजे त्यातील विखंडनक्षम युरेनियम-235 चा टक्का वाढवण्याच्या, कारखान्यांतील साठा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक कसा पडताळतात, हे वाचताना निम्मे काम ओळखीचे वाटले. (म्हैसूरजवळचा रट्टेहळ्ळीचा कारखाना या पडताळणीखाली येत नाही, म्हणून उदाहरणे बाहेरचीच.)

तेथील माल म्हणजे पोलादी सिलिंडरांत गोठवलेले युरेनियम हेक्साफ्लोराइड, म्हणजे युरेनियम आणि फ्लोरीन यांचे संयुग. निरीक्षक काही सिलिंडर निवडून त्यांचे वजन करतात आणि युरेनियम-235 मधून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून त्याचे प्रमाण अजमावतात. पोलाद हे किरण अडवत असल्याने सिलिंडरच्या भिंतीची जाडीही अल्ट्रासाऊंडने मोजावी लागते. आरंभीचा साठा आणि आवक यांच्या बेरजेतून जावक व अखेरचा साठा वजा केल्यावर जे उरते, ते हिशेब न लागलेले द्रव्य. मोजमापाच्या चुका आणि यंत्रांत अडकून राहणारा माल यांमुळे थोडा फरक पडायचाच. दरवेळी शून्यच आले, तर मी आधी दप्तरावर संशय घेईन.

समृद्ध माल नेणाऱ्या नेहमीच्या सिलिंडरात सुमारे 2,277 किलो हेक्साफ्लोराइड मावते. समृद्धी 5 टक्के असेल, तर फ्लोरीनचे वजन वगळून त्यात युरेनियम-235 सुमारे 77 किलो भरते; आणि 20 टक्क्यांखालील युरेनियमसाठी संस्थेने ठरवलेले लक्षणीय प्रमाण, म्हणजे ज्यातून अणुबॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही इतके युरेनियम-235, आहे 75 किलो. म्हणजे भरलेला एक सिलिंडर हरवला, तरी प्रकरण गंभीर.

मात्र जो माल दप्तरात आलाच नाही, त्याला हा हिशेब पकडू शकत नाही. न कळवलेले युरेनियम आत आणून, समृद्ध करून गुपचूप बाहेर नेले, किंवा कळवल्यापेक्षा अधिक समृद्धी केली, तरी ताळा जुळलेलाच दिसेल. म्हणूनच 1980 ते 1983 च्या वाटाघाटींतून सेंट्रिफ्यूजच्या (वेगाने फिरून समृद्धी करणाऱ्या यंत्रांच्या) दालनात अवचित प्रवेश करण्याचा अधिकार निरीक्षकांना मिळाला, आणि 1990 च्या दशकात सुती फडक्याने पृष्ठभाग पुसून त्यावरील सूक्ष्म कण तपासण्याची पद्धत रूढ झाली. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत धारदार हत्यार हेच. इराणच्या फोर्दो कारखान्यात 60 टक्के समृद्धी कळवलेली असताना जानेवारी 2023 मध्ये घेतलेल्या नमुन्यांत 83.7 टक्क्यांपर्यंतचे कण सापडले. ते अनपेक्षित चढउतारांतून आले, असे इराणचे म्हणणे होते. असा माल किती तयार झाला, हे मात्र कणांवरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा सिलिंडरच काट्यावर चढवावे लागतात.